उतारा समजतो, मग मार्क जातात कुठे?

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय: "ताई, यंदा माझी बोर्डाची परीक्षा आहे. बाकीचे विषय ठीक आहेत पण इंग्लिशच्या उताऱ्यात दरवेळी मार्क जातात. गाइडमधले उतारे रोज दोन सोडवते, कधी तीन पण होतात. वाचताना समजतंय असं वाटतं पण प्रश्न आले की गोंधळ होतो आणि वेळही पुरत नाही. क्लासचे सर म्हणतात आधी प्रश्न वाचायचे, बाबा म्हणतात रोज इंग्लिश पेपर वाच, मैत्रीण शब्द पाठ करतेय. मी नक्की काय करू? परीक्षेला तीन महिने आहेत. आणि उतारा मोठ्याने वाचावा की मनात? प्लीज नाव छापू नका."

नाव छापत नाही, निश्चिंत राहा.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. रोज किती उतारे करतेस ते लिहिलंयस, पण तुझे कुठल्या प्रकारचे प्रश्न चुकतात याबद्दल त्यात एक अक्षर नाही. बहुतेक तुलाही ते माहीत नसावं. उतारा सोडवायचा, मागे उत्तरं बघायची, टिक आणि फुली करायची, पान उलटायचं, पुढचा उतारा. बरोबर ना? बहुतेक सगळे असंच करतात आणि मग तीन महिन्यांनी शे-दीडशे उतारे होतात पण मार्क होते तिथेच राहतात, कारण तीच चूक शंभर वेळा केली तर ती उलट पक्की होते.

म्हणून पहिलं काम म्हणजे नवीन उतारे चार-पाच दिवस बंद. गाइड उघड, आधी सोडवलेले दहा-बारा उतारे काढ आणि फक्त फुल्या बघ. प्रत्येक फुलीच्या बाजूला पेन्सिलने लिही की हे का चुकलं. "लक्ष नव्हतं" असं लिहायचं नाही हं, ते कारण नाही, तो बहाणा आहे. खरं कारण बहुतेक यापैकीच एखादं निघतं: उत्तर असलेली ओळच सापडली नाही, ओळ सापडली पण प्रश्न वेगळंच विचारत होता, एखादा शब्द अडला, 'इट' किंवा 'दे' कोणाबद्दल आहे ते कळलं नाही, लेखकाचं मत विचारलं होतं आणि तू स्वतःचं लिहिलंस, किंवा उत्तर डोक्यात बरोबर होतं पण वाक्य मोडकं लिहिलं गेलं. दहा उताऱ्यांत तुझा पॅटर्न दिसायला लागेल. कोणाच्या फुल्या शब्दांवर असतात, कोणाच्या फक्त घाईने प्रश्न वाचण्यावर. या दोघींना एकच सल्ला देऊन कसं चालेल? त्यामुळे सर, बाबा आणि मैत्रीण तिघंही आपापल्या जागी बरोबर असतील पण तुला काय लागू पडतं ते या फुल्याच सांगणार.

आता ते "वाचताना समजतंय असं वाटतं". मला या वाक्यातल्या 'वाटतं'चीच शंका येते. डोळे ओळींवरून फिरले, अनोळखी शब्द फार आले नाहीत, की आपल्याला वाटतं समजलं. ते खरं की नाही हे बघायला एकदम सोपी टेस्ट आहे. उतारा एकदा वाच, पुस्तक पालथं घाल आणि काय होतं त्यात ते तीन वाक्यांत मराठीत सांग, भिंतीला सांग, भावाला सांग, कोणालाही. हो, मराठीतच, कारण इथे तुला इंग्लिश बोलता येतं का हे बघायचं नाहीये, अर्थ पोचला का एवढंच बघायचंय. अडखळलीस की समज कुठली ओळ नुसती डोळ्यांखालून गेली. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हेच करून बघितलं होतं. काहींना उतारा परत परत वाचायला दिला आणि काहींना वाचून झाल्यावर आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे निघाले. आणि गंमत म्हणजे परत परत वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा होता.

आता एक उतारा घेऊन बसू या, नुसतं बोलून समजणार नाही. समज परीक्षेत वटवाघळांवर उतारा आलाय. त्यात असं आहे की 1793 मध्ये स्पॅलान्झानी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की मिट्ट काळोखात घुबड धडपडतं पण वटवाघूळ मात्र मजेत उडत राहतं. मग त्याने वटवाघळांना दिसणार नाही अशी व्यवस्था केली, तरी ती उडत राहिली. पुढचं वाक्य छोटंसं, 'धिस पझल्ड हिम.' मग जिनिव्हाच्या ज्युरिनने त्यांचे कान मेणाने बंद केले तेव्हा मात्र ती आपटायला लागली. पण त्या काळातल्या बहुतेक शास्त्रज्ञांनी वटवाघूळ कानांनी वाट शोधतं ही कल्पना उडवून लावली (उताऱ्यात शब्द आहे 'डिसमिस्ड'), 'फॉर नो वन हॅड हर्ड द बॅट्स मेक एनी साउंड ॲज दे फ्ल्यू.' आणि शेवटी, 'इट वॉज नॉट अनटिल 1938 दॅट' ग्रिफिन आणि पिअर्स यांनी माणसाला ऐकू न येणारे आवाज पकडणारं यंत्र वापरून दाखवलं की वटवाघूळ असे आवाज काढतं.

पहिला प्रश्न ट्रू ऑर फॉल्स: स्पॅलान्झानीने सिद्ध केलं की वटवाघूळ आंधळं असतं. निम्मी मुलं ट्रू लिहितात! कारण उताऱ्यात डोळे आहेत, अंधार आहे, न दिसणं आहे, आणि लहानपणापासून ऐकलेलं असतं की वटवाघळाला दिसत नाही. पण उतारा तसं कुठेच म्हणत नाही, त्याने दिसणं बंद केलं तरी ती उडाली एवढंच म्हणतो. इथे आपल्या डोक्यातलं उत्तर उताऱ्यातल्या उत्तराच्या आड आलं. म्हणून ट्रू-फॉल्सला एक सवय लाव, उत्तर लिहायच्या आधी ज्या ओळीवरून लिहितेयस तिच्यावर बोट ठेव. बोट ठेवायला ओळच सापडत नसेल तर तू अंदाजाने लिहितेयस.

दुसरा, 'धिस' म्हणजे काय? इथे "वटवाघूळ" लिहिलं की गेला मार्क. त्याला कोड्यात टाकलं ते वटवाघळाने नाही, न दिसताही ती उडत होती या गोष्टीने. 'धिस', 'इट', 'दे', 'सच' असं काही आलं की बहुतेक वेळा एक वाक्य मागे जायचं आणि सर्वनामाच्या जागी तिथला अर्थ घालून वाक्य परत वाचायचं, बसलं तर बरोबर. सरावाच्या उताऱ्यात अशा प्रत्येक शब्दापासून तो ज्याच्याबद्दल आहे तिथपर्यंत बाण काढत जा. पंधरा दिवस बाण काढलेस की नंतर डोळाच आपोआप मागे जातो.

तिसरा, इतर शास्त्रज्ञांनी कल्पना का उडवून लावली? 'का' आलं की मुलं उताऱ्यात 'बिकॉज' शोधत बसतात, तो इथे नाहीच, आणि मग वेळ जातो, घाम फुटतो. कारण सांगायचं काम इथे 'फॉर' करतोय. तसंच ते 'सिन्स', 'ॲज', 'ड्यू टू' पण करतात. आणि 'हाउएव्हर', 'बट', 'यट', 'ऑल्दो' दिसलं की पेन्सिलने गोल करायचा, कारण लेखक तिथे वळण घेतो आणि पेपर काढणाऱ्याला प्रश्न काढायला वळणंच आवडतात. मी आजवर जेवढे पेपर बघितलेत त्यात 'हाउएव्हर'च्या पुढच्या वाक्यावर प्रश्न नाही असं क्वचितच दिसलंय.

आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे ते 'नॉट अनटिल 1938'. यात 'नॉट' आहे म्हणून कितीतरी जण समजतात की 1938 मध्ये कळलं नाही. अर्थ बरोबर उलटा आहे, 1938 उजाडेपर्यंत कळलं नव्हतं आणि 1938 मध्ये कळलं. अशी वाक्यं डिक्शनरीत सापडत नाहीत, प्रत्येक शब्द ओळखीचा असतो तरी वाक्य फसवतं. 'हार्डली', 'अनलेस', 'टू टायर्ड टू वॉक', 'नो सूनर' ही सगळी याच जातीची. तुझ्या मैत्रिणीला सांग की अवघड शब्दांची यादी पाठ करायच्या आधी हे सोपे दिसणारे शब्द पक्के कर.

मग असा प्रश्न येतो की हे कळायला यंत्र का लागलं. याचं उत्तर एका ओळीत सापडणार नाही, दोन ओळी जोडाव्या लागतात: कोणालाच आवाज ऐकू आला नव्हता, आणि यंत्र माणसाला ऐकू न येणारे आवाज पकडत होतं. म्हणजे आवाज होता, आपले कान कमी पडत होते. अशा प्रश्नाला तुझ्या फुल्या जास्त असतील तर तुला वाचनाचा प्रॉब्लेम नाहीये, तू एकाच ओळीत उत्तर शोधतेयस एवढंच. आणि शेवटी 'डू यू थिंक' वाला प्रश्न असेल तर तिथे उताऱ्यातली वाक्यं उतरवून काढायची नाहीत, तिथे तुझं मत आणि त्याला एक-दोन कारणं हवीत. मत कुठलंही चालतं.

सरांचं काय मग, आधी प्रश्न की आधी उतारा? माझं मत असं की प्रश्नांवर आधी अर्धा-एक मिनिट नजर टाक, पण फक्त प्रश्नांवर, पर्याय असतील तर ते बघू नकोस. विषय काय आहे आणि काय शोधायचंय एवढं कळलं की बास. मग उतारा एका दमात वरपासून खालपर्यंत वाच, अडलेल्या शब्दाखाली रेघ मार आणि पुढे जा, मध्ये थांबून उत्तरं लिहीत बसू नकोस. पूर्ण वाचून झाल्यावर एकेका प्रश्नाला परत मागे जायचं. काही मुलं उतारा वाचतच नाहीत, प्रश्नातला शब्द घेतात आणि तो उताऱ्यात शोधत सुटतात. सोप्या प्रश्नांना ते चालून जातं पण वरच्या दोन ओळी जोडायच्या प्रश्नाला साफ आपटतात. पर्यायवाल्या प्रश्नात उत्तर आधी मनात तयार कर मग पर्याय बघ. उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे असलेला पर्याय दिसला की जरा संशय घ्यायचा, आणि 'ऑलवेज', 'नेव्हर', 'ओन्ली' असेल तर जास्तच.

वेळ पुरत नाही म्हणतेस, तर आधी तो जातो कुठे ते बघ. इंग्लिश वाचणाऱ्या मोठ्या माणसांचा मनात वाचायचा वेग मिनिटाला सरासरी 238 शब्दांच्या आसपास असतो, हे ब्रिसबार्ट यांनी 2019 मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलंय. तुझा त्याच्या निम्म्याहून कमी धर, मिनिटाला 100. तरी 300 शब्दांचा उतारा तीन मिनिटांत वाचून होतो! म्हणजे वेळ वाचनात जात नाहीये, तो जातोय एकेका प्रश्नासाठी अख्खा उतारा परत पहिल्यापासून वाचण्यात आणि लांबलचक उत्तरं लिहिण्यात. पहिल्यांदा वाचतानाच प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला दोन शब्द लिही, मराठीत चालेल: 'घुबड-प्रयोग', 'कान-मेण', '1938 यंत्र'. मग प्रश्न आला की कुठल्या परिच्छेदात जायचं ते लगेच कळतं. वेगाने वाचायला शिकवणारे व्हिडिओ वगैरे बघत बसू नकोस, वेग वाढवला की समजणं कमी होतं, फुकटात काही मिळत नाही.

शब्दांबद्दल. पाठ करण्याच्या विरोधात मी नाही पण नुसत्या यादीतला शब्द परीक्षेत भेटला तर ओळखीचा वाटतो आणि अर्थ आठवत नाही, हा अनुभव तुलाही असेल. शब्द ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट वहीत लिही, दिवसाला पाच पुरेत. परीक्षेत अडला तर आधी बघ की त्याच्यावर कुठला प्रश्न टेकलाय का, नसेल तर सोडून दे. असेल तर आजूबाजूला बघ, वरच्या उताऱ्यात 'डिसमिस्ड' हा शब्द माहीत नसला तरी पुढे "कारण कोणालाच आवाज ऐकू आला नव्हता" असं आहे म्हणजे त्यांना पटलं नव्हतं एवढं तर कळतंच. तेवढ्यावर उत्तर लिहिता येतं.

बाबांच्या पेपरबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण त्यांचा सल्ला चांगला आहे पण सुरुवात बहुतेक चुकीच्या पानापासून होते. अग्रलेख उघडायचा, दर ओळीला डिक्शनरी, दहा मिनिटांत डोकं उठतं आणि चौथ्या दिवशी पेपर बंद. पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांनी 2000 मध्ये एका अभ्यासात दाखवलं होतं की गोष्ट कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायची तर त्यातले साधारण 98 टक्के शब्द माहीत असावे लागतात. म्हणजे 50 शब्दांत एखादा अनोळखी. रोजच्या वाचनासाठी असंच सोपं काहीतरी निवड, लाज वाटली तरी चालेल, लहान मुलांची पुस्तकं असली तरी चालतील. आणि पेपरच वाचायचा तर ज्या बातमीचं सगळं तुला मराठीतून आधीच माहितीये ती घे. काल बघितलेल्या मॅचची बातमी आज इंग्लिशमध्ये वाच, निम्मं काम तुझ्या डोक्यातल्या माहितीनेच होतं.

ही माहितीची गोष्ट लोक फार हलक्यात घेतात. 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी अमेरिकेत शाळेतल्या 64 मुलांना बेसबॉलच्या मॅचचं वर्णन वाचायला दिलं आणि मग मैदानाच्या छोट्या मॉडेलवर काय घडलं ते करून दाखवायला सांगितलं. ज्यांचं वाचन कच्चं पण बेसबॉल पक्का होता ती मुलं, वाचन चांगलं पण बेसबॉल माहीत नाही अशा मुलांच्या पुढे गेली. आता परीक्षेत कुठल्या विषयावर उतारा येईल हे कोणीच सांगू शकत नाही, पण प्राणी, शोध, हवामान, आरोग्य, प्रवास, कोणाचं तरी चरित्र असलं काहीतरी असतंच, आणि हे सगळं तू मराठीतून वाचलंस तरी ते इंग्लिश उताऱ्यात कामाला येतं. त्यामुळे मराठी वाचताना "वेळ वाया चाललाय, इंग्लिश वाचायला पाहिजे" असं मनात आणू नकोस. फक्त ट्रू-फॉल्सच्या वेळी तीच माहिती आड येते, ते वर सांगितलंच आहे.

उत्तर लिहिण्याबद्दल दोनच गोष्टी. प्रश्न 'डिड'ने विचारलाय तर उत्तर भूतकाळातच जाणार, आणि प्रश्नातलेच शब्द घेऊन वाक्य सुरू केलंस की अर्धं वाक्य आयतं मिळतं, व्याकरणाची चूक करायला जागाच कमी उरते. दुसरं, उताऱ्यातल्या चार ओळी जशाच्या तशा उतरवून "यातच कुठेतरी उत्तर आहे, घ्या शोधून" असं करू नकोस. तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

आता तीन महिन्यांचं. पहिले चार-पाच दिवस जुन्या फुल्या, ते सांगितलं. त्यानंतर आठवड्याला तीनच उतारे कर, घड्याळ लावून, परीक्षेसारखे, आणि जेवढा वेळ सोडवायला लागला तेवढाच वेळ तपासायला दे. तपासताना बरोबर आलेली उत्तरंही बघ, त्यातली काही नशिबाने आलेली असतात, त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह टाक. बाकीच्या दिवशी नुसतं सोपं वाचन, वीस मिनिटं, प्रश्न नाहीत, मार्क नाहीत. दोन-तीन आठवड्यांपूर्वीचा एखादा उतारा अधूनमधून परत कोरा सोडव, उत्तरं आठवत असतील असं वाटतं पण तेवढी आठवत नाहीत, आणि मग तीच चूक परत झाली का ते स्वच्छ दिसतं. शेवटच्या महिन्यात गाइड बाजूला ठेवून मागच्या वर्षांचे खरे पेपर घे. गाइडमधले प्रश्न बऱ्याचदा सोपे असतात, शिवाय काही गाइडमध्ये मागे दिलेलं उत्तरच चुकीचं असतं, तेव्हा उत्तर पटलं नाही तर सरांना ओळ दाखवून विचार, गप्प बसू नकोस.

राहिला मोठ्याने वाचायचा प्रश्न. परीक्षेत मनातच वाचायचंय तेव्हा घड्याळ लावून करतेस ते उतारे मनातच वाच. पण नुसत्या वाचनाच्या दिवशी एखादा परिच्छेद मोठ्याने वाचून बघ, आणि लांब वाक्यात तू श्वास कुठे घेतेस इकडे लक्ष दे. भलत्याच जागी थांबत असशील तर ते वाक्य तुला कळलेलं नाही, त्याच्याखाली रेघ मारून ठेव आणि तिथला कर्ता कोण, क्रियापद कुठलं ते शोधून काढ.